नऊ वाजताचं इंजेक्शन

सातव्या महिन्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं आमच्याकडच्या बायका खात्रीनं सांगतात. माझं पहिलं बाळ सातव्यात झालं. ते अकरा तास होतं.

तेव्हा मी माहेरी, दौंडला होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आईनं मला लवकरच नेलं होतं. दुपारी पोट कडक व्हायला लागलं. आई म्हणाली, "गॅस असंल, ओवा खा." मी ओवा खाल्ला. शेजारच्या काकू म्हणाल्या, या दिवसांत खोट्या कळा येतातच. अशी संध्याकाळ झाली. दवाखान्यात पोचल्यावर पाऊण तासात मुलगा झाला. तो रडला नाही, नुसता कण्हत राहिला. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसं तयार नाहीत. थोडं आधी आला असता तर आईला इंजेक्शन देता आलं असतं."

हे वाक्य मी दीड वर्ष कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ तर नाहीच. तिनं ओवा दिला होता ना.

दुसऱ्या खेपेला मला ते इंजेक्शन मिळालं. कसं मिळालं आणि कुणामुळं, ते लिहून ठेवतेय. मी काही शिकलेली सवरलेली बाई नाही. बारावी झालेय, रांजणगावच्या एमआयडीसीत पॅकिंगला होते. पण जे झालं ते माझ्या अंगावर झालंय, तेवढं मला नीट सांगता येईल.

लाल शाई

मी आणि माझे मिस्टर कारेगावात खोली घेऊन राहायचो. दोघंही कंपनीत. सासर निमोण्याचं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, नाव आपल्या गावच्या उपकेंद्रात घाल. सासूबाईंना मी आत्या म्हणते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना. तिथं डॉक्टर रोज नसतो, सिस्टर असते. आमच्या सिस्टरचं नाव शैला. वय पन्नाशीचं, स्कूटी, खांद्याला मोठी पिशवी, आणि प्रश्न विचारायची भयंकर हौस.

आधीचं बाळ कितव्या महिन्यात झालं? ते जाऊन किती दिवस झाले? कामावर उभं राहावं लागतं का बसायला मिळतं? लघवीला जळजळतं का? दात दुखतात का? तंबाखू, मिश्री काही?

"नाही," मी म्हणाले. मिश्री लावत होते. सकाळ-संध्याकाळ.

लघवीचं मात्र खरं सांगितलं. लाइनवर असताना जागा सोडायची तर कुणाला तरी उभं करावं लागायचं, म्हणून मी पाणीच कमी प्यायचे आणि आलेली दाबून धरायचे. सिस्टरनी लगेच तपासायला लावली. इन्फेक्शन निघालं. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली, तशा मी गोळ्याही थांबवल्या. उरलेल्या पाकिटासकट कपाटात ठेवल्या. हे आता लिहितानाही हात अडतो, पण माझ्यासारख्या दहाजणी हेच करत असतील.

सिस्टरनी माझ्या कार्डावर लाल पेनानं "जोखीम" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी घाबरले. त्या म्हणाल्या, "ही शिक्षा नाही मनीषा. गर्दीत तुझं कार्ड मला आधी दिसावं म्हणून लाल. पोट पुन्हा पुन्हा कडक झालं, कंबर धरली, पाणी गेलं, अंगावरून लाल दिसलं, तर दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. पहिला फोन मला."

सहावा संपता संपता त्यांच्याच सांगण्यावरून मी काम सोडलं आणि निमोण्याला राहायला आले. आई म्हणत होती, दौंडला ये. आत्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "न्हाई धाडायची. एक गेलं तुमच्याकडं." त्यानंतर आईनं तीन आठवडे फोन केला नाही. मला रागही आला आणि बरंही वाटलं.

मंगळवार

सकाळी मेथी निवडत बसले होते. एकतिसावा आठवडा चालू होता. कंबरेतून एक लाट यायची, पोट दगडासारखं व्हायचं, आणि मग सैल पडायचं. मी काही बोलले नाही. बोललं की ते खरं होईल असं वाटत होतं.

आत्या दळण घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "कवापासनं?"

"काय?"

"मला नगं शिकवू. आख्खा जलम मेंढरांत गेला माझा. कवापासनं हाय?"

"सातपासनं."

दळण तिथंच टाकून त्यांनी सिस्टरला फोन लावला. ओवा नाही, गरम पाणी नाही, शेजारीण नाही. मला वाटतं, त्या दिवसातली पहिली शहाणी गोष्ट आत्यांनीच केली.

सिस्टर वीस मिनिटांत आल्या. मला कुशीवर निजवलं, पोटावर हात ठेवला आणि घड्याळाकडं बघत बसल्या. दहा मिनिटं त्या कळा मोजत होत्या. मग उठून आधी एकशे आठला फोन केला, मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना. डॉक्टरांशी बोलताना "होय सर, एकतीस" एवढंच मला ऐकू आलं. फोन ठेवून पिशवीतून बाटली काढली.

"हे स्टिरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "मांडीत देते. बाळाची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत, आतून चिकटलेली. हे तुझ्या रक्तातून बाळापर्यंत जातं आणि ती उघडायला मदत करतं. चार द्यायची असतात, बारा-बारा तासांनी. पहिलं इथंच. गाडीची, रस्त्याची वाट बघत बसले तर तेवढे तास वाया जातील."

तेवढ्यात मिस्टरांचा कंपनीतून फोन. स्पीकरवर होता. "स्टिरॉइड? ते जिममधली पोरं घेतात ते? सिस्टर, कायबी टोचू नका. आधी मोठ्या डॉक्टरला दाखवू."

मला ते चुकीचे वाटले नाहीत. मलाही तीच भीती होती. सिस्टर चिडल्या नाहीत. फोनजवळ वाकून म्हणाल्या, "संतोषभाऊ, ते वेगळं, त्याचे डोस वेगळे. हे मी मनानं देत नाही, डॉक्टरांना विचारलंय. मोठ्या दवाखान्यातही पहिलं हेच देतील, पण तिथं पोचायला दुपार होईल. कळा थांबतील की नाही हे माझ्या हातात नाही. हे माझ्या हातात आहे."

पलीकडं मशिनचा आवाज येत राहिला. मग मिस्टर म्हणाले, "मनीषा, तुला काय वाटतंय?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"द्या," मी सिस्टरना म्हणाले.

घड्याळात नऊ वाजले होते. सिस्टरनी कार्डावर वेळ लिहिली, औषधाचं नाव लिहिलं, सही केली. मग मला म्हणाल्या, "पुढचं रात्री नऊला. मग उद्या सकाळी नऊ, रात्री नऊ. तिथं गर्दी असते, ड्युट्या बदलतात. कुणी विसरलं तर लाजायचं नाही. तू बोलायचं."

पुण्याकडं

सिस्टर गाडीत शिरूरपर्यंत आल्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात तपासलं, गर्भपिशवीचं तोंड दोन बोटं उघडलेलं होतं. कळा मंद व्हायच्या गोळ्या दिल्या आणि इतक्या लहान बाळाची सोय पुण्यात आहे म्हणून लगेच पुढं पाठवलं. सिस्टरना मागं लसीकरण होतं. गाडीचं दार लावायच्या आधी त्यांनी माझ्या पायांवरची चादर सारखी केली, एवढंच. मग कुणाच्या तरी टेम्पोत बसून परत गेल्या.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मी पोचले तेव्हा दोन वाजले होते. आत्या बरोबर. मिस्टर कंपनीतून सरळ आले, अंगावर युनिफॉर्म तसाच. तासाभरानं दौंडहून आई आली. तिला मिस्टरांनीच कळवलं होतं. आई आणि आत्या एकमेकींकडं न बघता माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

एक तरुण डॉक्टर मॅडम फॉर्म घेऊन आल्या. पुन्हा तेच प्रश्न. आधीचं बाळ लवकर? हो. दोन्हींत अंतर कमी? हो. लघवीचं इन्फेक्शन? हो. गोळ्या पूर्ण घेतल्या? नाही. प्रत्येक "हो" आणि प्रत्येक "नाही" माझ्यावर ठेवलेला आरोप वाटत होता. दोन्हीकडं आई आणि आत्या ऐकत होत्या.

"तंबाखू, मिश्री?"

मी भिंतीकडं बघितलं.

"हाय," आत्या म्हणाल्या. "तिची दाढ दुखत हुती तवा मीच दिली माझ्या डबीतली. सवय मी लावली. माझं नाव लिवा."

डॉक्टर मॅडमनी पेन थांबवलं. "आजी, नाव लिहायला नाही विचारत. काय काय सांभाळायचं ते ठरवायला विचारतोय. आणि यातलं नेमकं कशामुळं झालं, हे आम्हालाही सांगता येत नाही. कधी कधी यातलं काहीच नसतं, तरी होतं."

आईनं तेव्हा पहिल्यांदा आत्यांकडं बघितलं. मग स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढं केली. आत्या घटाघटा प्यायल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रात्री नऊला पाच मिनिटं कमी असताना वॉर्डात ड्युटी बदलत होती. मी हाक मारली. "सिस्टर, नऊला माझं दुसरं आहे." त्यांनी कार्ड बघितलं, डॉक्टर मॅडमना दाखवलं. मॅडम सही वाचत म्हणाल्या, "पहिला डोस उपकेंद्रातच दिलाय? निमोण्याला? बारा तास मिळवून दिलेत बाईंनी."

ते मी दुसऱ्या दिवशी फोनवर सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. शुगर तपासतात का? या इंजेक्शननं वाढते थोडी. जेवलीस का?"

वाट बघणं

तिसरं झालं. चौथं झालं. डाव्या कुशीवर पडून मी भिंतीवरच्या पंख्याची पाती मोजायचे. तीनच होती, तरी मोजायचे. दर कळेला वाटायचं, आता. शिरेतून औषध चालू होतं, बोटाला टोचून साखर बघायचे, पोटाला मशिन लावून बाळाचे ठोके ऐकायचे. ते ठोके ऐकवणारी एक मावशी होती. सांगितलेलं नसतानाही ती मशिनचा आवाज मोठा करायची, मला ऐकू यावा म्हणून.

शेजारच्या खाटेवर शिक्रापूरची एक बाई होती, माझ्याच वयाची. तिलाही इंजेक्शनं मिळाली होती. तिचं बाळ सव्वीस आठवड्यांचं होतं आणि ते राहिलं नाही. हे लिहायलाच हवं. इंजेक्शन म्हणजे मंत्र नाही. जाताना ती माझ्या उशीला हात लावून गेली. 

शुक्रवारी पहाटेच कळा पुन्हा जोरात सुरू झाल्या. चारही इंजेक्शनं झाली होती, म्हणून या वेळी थांबवायचा प्रयत्न कुणी केला नाही. सकाळी साडेसातला मुलगी झाली. एक किलो चारशे पन्नास ग्रॅम. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, कान मात्र मिटता येत नव्हते.

ती रडली. बारीक, मांजरीसारखं, पण रडली. मग पुन्हा रडली. एक सिस्टर म्हणाली, "अगं, ही तर भांडतेय." मला हसू आलं आणि त्याच क्षणी मुलगा आठवला. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे तोवर मला माहीत नव्हतं.

काचेपलीकडं

तिला श्वासाला नाकातून हवेचा जोर लागला, तीन दिवस. घशात नळी घालावी लागली नाही. बाळांचे डॉक्टर म्हणाले, "चारही डोस मिळाले होते, त्याचा फायदा दिसतोय." मग कावीळ, मग निळ्या दिव्याखाली ठेवणं. नवव्या दिवशी मी समोर बसलेली असताना ती श्वास घ्यायची थांबली. रंग उतरला. मशिन वाजायच्या आत सिस्टरनी तिच्या तळव्याला टिचकी मारली आणि ती दचकून श्वास घ्यायला लागली. "विसरतात कधी कधी," सिस्टर म्हणाली, जणू बाळ दप्तर विसरलं होतं. तिथल्या सिस्टर पंचविशीच्या असतील. बारा बारा बाळं, प्रत्येकाला वेगळं औषध, वेगळं दूध. मी त्यांना एकदाही धावताना बघितलं नाही, आणि उशीर करतानाही बघितलं नाही.

दूध पिळून काढायचं, वाटीत. पहिल्या दिवशी चमचाभर निघालं. मी रडले. आई म्हणाली, "आगं, तिचं पोटच तेवढं हाय." तेच नळीनं तिच्या पोटात गेलं.

पुढं बाळाला छातीशी, कातडीला कातडी लावून धरायला सांगितलं. दिवसातले जितके तास जमेल तितके. मला मधेच ताप आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरातल्या दुसऱ्या कुणी धरलं तरी चालेल. मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले.

"म्या न्हाई. कोकरं लई सांभाळली, येका हातानं उचलली. पर हिला न्हाई धरवायचं माझ्याच्यानं. मोडंल ती."

शेवटी आईनं त्यांना हाताला धरून आत नेलं. खुर्चीत बसवलं, गाऊन घातला. सिस्टरनी बाळ त्यांच्या छातीवर ठेवून कापडानं बांधलं. आत्या दोन तास हलल्या नाहीत. नाकाला खाज सुटली तरी हात उचलेनात. आईनं खाजवून दिलं.

रोज असं चालू झालं. मी, आत्या, आई, आणि सुट्टीच्या दिवशी मिस्टर. बाहेर जिन्याखाली आई आणि आत्या एकाच चटईवर बसून एकाच डब्यातली भाकरी खायच्या. काय बोलायच्या मला माहीत नाही. एकदा जिन्यावरून उतरताना आईचं एवढंच ऐकू आलं, "मी ओवा दिला हो तवा." आणि आत्या म्हणाल्या, "म्याबी तोच दिला असता."

सव्वीस दिवसांनी मुलगी एक किलो आठशेची होऊन घरी आली.

आत्यांनी मिश्री सोडली, असं मी आनंदानं लिहिलं असतं. पण त्यांनी दोनदा सोडली आणि दोनदा धरली. आता तिसऱ्यांदा सोडलीय. माझी सुटली, त्यालाही चार महिने लागले.

धरा आबा

मुलगी आठ महिन्यांची होती. मी, आत्या आणि मिस्टर तिला उपकेंद्रात वजनाला घेऊन गेलो होतो. शैला सिस्टरना फोन आला. इनामगावकडचा भागही तेव्हा त्यांच्याकडं जादा होता. तिथली एक मुलगी, आठवा महिना लागलेला, कळा सुरू झालेल्या, आणि घरचे गाडीत बसवायला तयार नव्हते. सिस्टर पिशवी उचलून निघाल्या. आत्या म्हणाल्या, "आमी बी येतो." मिस्टरांनी भावाची जीप काढली.

सिस्टर आमच्या आधी पोचल्या होत्या. मुलगी आतल्या खोलीत कुशीवर पडलेली. बाहेर ओट्यावर तिचे सासरे बसलेले, सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, पटका. रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यांच्या तोंडावर.

"आठव्यातलं जगत न्हाई," ते म्हणत होते. "मग तिला पुण्याला नेऊन कशाला हाल करायचं? आन् ते इंजेक्शन नगं. त्याच्यानंच पोट मोकळं हुतं म्हनत्यात."

सिस्टर समजावत होत्या, न थकता, अगदी माझ्या मिस्टरांना समजावलं होतं तशाच. आबा मान हलवत होते. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण आत्या पुढं झाल्या. त्यांनी माझ्या कडेवरची मुलगी घेतली आणि काही न विचारता आबांच्या मांडीवर ठेवली.

"धरा आबा. सातव्यातलं एक गेलं आमचं, त्याला इंजेक्शन न्हवतं. ही बी सातव्यातलीच. तेच इंजेक्शन. या बाईनीच दिल्यालं."

आबांनी गडबडीनं दोन्ही हात पुढं केले. मुलीनं त्यांच्याकडं टक लावून बघितलं, मग मूठभर मिशी धरली आणि ओढली. आबांनी सोडवली नाही. तसेच बसून राहिले. त्यांचा अंगठा तिच्या पाठीवरून हळूहळू फिरत होता, बरगड्या चाचपत असल्यासारखा.

"दूध पिती?"

"भाकरी बी खाती चुरून."

आबांनी मुलगी आत्यांकडं दिली. गुडघ्यावर हात देऊन उठले, आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि घरातल्यांवर ओरडले, "बघत काय बसलाय? पोरीच्या चपला कुठं हायत?"

सिस्टर तोवर इंजेक्शन भरत होत्या.